न पाहिलेली गोलकीपर

शुक्र., ९ जानेवारी. निझवा, ओमान

...तांदूळ धूत होते आणि हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. "फुडं?" "पुढं काय, अडवला." "कसा अडवला?" "हातानं." "हातानं म्हंजे? उडी मारून? बसून? सांग की गं नीट." माझा एक हात तांदळात, दुसऱ्या हातात गौरीचे मळके मोजे, ते साबणात भिजवायचे होते. यांना म्हटलं, तेवढं दूध बघा. बघतो म्हणाले आणि माझ्याकडेच बघत राहिले. दूध उतू गेलं. मी ओटा पुसतेय आणि हे विचारतायत, "आणि दुसऱ्या हाफात?"

अशा सकाळी खूप झाल्या असतील. मला हीच आठवते. आज तांदूळ धुताना परत आठवली.

गौरीच्या कॉलेजात मुलींच्या मॅच बंद हॉलमध्ये होतात. दाराला जाड पडदा. आत फक्त बायका, वडीलसुद्धा नाहीत. कोल्हापुरात पेठेची मॅच बघायला झाडावर चढणारा माणूस, पण पोरीची मॅच असली की बाहेर गाडीत बसायचा. काचा खाली करून आवाजावरून अंदाज. मग घरी मला विचारायचं. माझी दोन वाक्यं घेऊन शुक्रवारी मैदानावर जायचं आणि तिथं मित्रांपुढं त्यांची अख्खी मॅच करायची.

मार्चमध्ये यांना जाऊन दोन वर्षं होतील. शुक्रवारी संध्याकाळी मी अजून त्या मैदानावर जाते. पेट्रोल पंपामागची खडी, कंपन्यांच्या कामगारांच्या मॅच. चहाचा थर्मास नेते. सावंत भावजी (एसीचं काम करतात, कणकवलीचे) हे बसायचे ती खुर्ची माझ्यासाठी मांडून ठेवतात.

आज वाद गौरीवर. यांचे मैदानावरचे दुसरे मित्र जोसेफभाई, केरळचे; त्यांचा मावसभाऊ त्रिशूरला मुलींच्या क्लबचा कोच आहे. फेब्रुवारीत ट्रायल. घेतलं तर तिथंच होस्टेल, तिथंच खेळ. म्हणजे कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्धवट.

सावंत (यांच्या मालवणीत चेडू म्हणजे पोरगी) : "तुमच्याकडची चेडवां सा वर्सांची असल्यापासून खेळतत रे. आमचा चेडू हॉलातला. हॉलातलो फुटबॉल म्हणजे फुटबॉल न्हय."

जोसेफ : "मैं मानता हूँ, इधर का कॉलेज लेवल उधर का स्कूल लेवल है। लेकिन गोलकीपर अलग चीज़ है। गोलकीपर को दिल चाहिए।"

"दिल घेवन काय करूचा? हात होये, हात."

"और वो सोहारवाला सेव भूल गया? हवा में! उल्टा! एक हाथ से!"

सावंतांनी मान डोलावली. म्हणाले, "तां मातर खरा."

मी चहा ओतत होते. सोहारच्या टीमशी झालेली ती मॅच मी पाहिली होती. घरी यांना सांगितलं होतं, "हाताला लागून बाहेर गेला." इतकंच.

गौरीला खेळताना या दोघांपैकी कुणीही पाहिलेलं नाही. पाहणारी मी एकटी.

रवि., ११ जाने.

शाळेत शांत दिवस (इथं सुट्टी शुक्रवार-शनिवारची). माझं शिक्षण दहावी. या शाळेच्या लायब्ररीत पुस्तकांना कव्हर घालायला लागले आणि कव्हर घालता घालता वाचायला लागले. इंग्रजी तसंच आलं, शब्दकोश शेजारी ठेवून. आज खेळांच्या कपाटातून फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक काढलं. हॉलमधला गोल तीन मीटर रुंद. मैदानावरचा सात मीटरच्या वर, आणि उंचही जास्त.

आकडा वाचून काही कळत नाही मला. घरी आल्यावर शिवणाची टेप काढली. हॉलचा गोल आमच्या सोफ्यापासून खिडकीपर्यंत. मोठा गोल सोफ्यापासून निघाला तो खोली ओलांडून, पॅसेजमधून थेट बाथरूमच्या दारापर्यंत.

गौरी अभ्यास करत होती. "आई, काय करतेस?"

"गोल मोजते."

हसली. मग उठून आली, बाथरूमच्या दाराशी उभी राहिली, सोफ्याकडे बघितलं. परत जाऊन बसली. हसणं थांबलं होतं.

मंगळ., १३ जाने.

हॉलमध्ये मॅच. पाच-पाच जणी. आज मी चहा, शेजारणी, काही नाही, फक्त गौरीकडे बघत होते. पाय फाकवून बसते, छातीवर घेते, घाबरत नाही. बॉल हातात आला की लगेच लांब फेकते, समोर कोण मोकळी आहे ते तिला आधीच दिसलेलं असतं. जिंकल्या.

चांगली आहे. पुढं विसरायला नको म्हणून इथं लिहून ठेवते. त्या हॉलमध्ये माझी मुलगी चांगली आहे.

येताना गाडी तिनेच चालवली. सिग्नलला म्हणाली, "बाबा आज पार्किंगमध्ये असते."

म्हटलं, "हो, काचा खाली करून."

शुक्र., १६ जाने.

हे गौरीनेच ठरवलं. काल सावंतांना फोन करून सांगितलं, "काका, तुम्ही सगळे नुसतं बोलता. सकाळी या आणि मला शॉट मारा. मोठ्या गोलात."

सकाळी मैदान रिकामं होतं. थंडी. सावंत, जोसेफ, आणि सालिम. सालिम म्हणजे हे ज्या पंप वर्कशॉपमध्ये कामाला होते तिथले अर्बाब, मालक; तरुणपणी इथल्या क्लबकडून खेळलेले. यांच्यासाठी आले, हे मला कळत होतं.

गौरी दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. इतकी लहान दिसली.

पहिला शॉट सावंतांचा. बॉल चालत चालत आला. गौरी कमरेवर हात ठेवून, "काका, हे काय? बाळाला खेळायला देताय?"

"पाय गरम करतंय गो."

दुसराही तसाच. मग ती सालिमकडे वळली. "अर्बाब, प्लीज. प्रॉपर."

सालिम गाडीकडे गेले, चपला काढून बूट घालून आले. अंगातल्या लांब डिश्दाशाचा घोळ वर खोचला. पहिला तिच्या उजवीकडे मारला, गौरी झेपावली, खडीवरून घसरत गेली आणि बोटांनी बाहेर काढला. जोसेफभाई असे ओरडले की पंपावरचा माणूस बाहेर येऊन बघून गेला. दुसरा डावीकडे. गौरीने एक पाऊल टाकलं आणि बॉलकडे बघत राहिली. तिसरा परत डावीकडे. परत एक पाऊल. चौथा डोक्यावरून, हातांच्या बराच वरून. पुढचे मी मोजले नाहीत. उजवीकडचे काही अडवले. डावीकडचा एकही नाही.

शॉट थांबले. मग सावंत, "सूर्य डोळ्यार येता हो." सूर्य तिच्या पाठीमागे होता. जोसेफ, "खडी है ना, ग्रास पे बच्ची उड़ेगी।" दोघांचे चेहरे मला बघवेनात.

सालिम बॉल उचलून माझ्याजवळ आले. "सिस्टर, बिंत मजबूत." थोडं थांबून, "गोल कबीर." बिंत म्हणजे मुलगी, कबीर म्हणजे मोठा, एवढं अरबी मला येतं.

शनि., १७ जाने.

गौरीची ट्रॅक पँट धुतली. उजव्या मांडीवर फाटून चिंध्या, आत रक्त सुकलेलं. डावी बाजू कोरी. धूळसुद्धा फारशी नाही. किती वेळ हातात धरून उभी होते.

गौरी मागे येऊन उभी राहिली. नेमकी स्वयंपाकघराच्या त्याच दारात, जिथं हे उभे राहायचे.

"आई, ऑनेस्टली सांग. मी चांगली आहे का? तिथल्यासाठी. तू खोटं बोलत नाहीस म्हणून विचारते."

सांगितलं. हॉलमध्ये चांगली आहेस. मोठ्या गोलात काल मी जे पाहिलं त्यावरून, नाही.

"एका सकाळवरून?"

"मी तेवढंच पाहिलंय."

"बाबा म्हणायचे मी इंडियाकडून खेळेन."

आणि मी म्हणाले, "बाबांनी तुला खेळताना कधी पाहिलंच नाही, गौरी."

खरं तेच. पण तोंडातून गेलं आणि ती अशी बघायला लागली, जसं मी यांनाच घराबाहेर काढलं. आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सोम., १९ जाने.

गौरी बोलते. "हो", "नको", "जेवले". त्यापलीकडे नाही.

दोन दिवस एकच विचार. ती गेली तर या घरात मी एकटी. शाळा, घर, शुक्रवारची खुर्ची. मग मी "नाही" म्हणाले ते कशावरून? खेळ बघून, की ती राहावी म्हणून? खेळ बघून, असं मनाशी म्हणते. लगेच वाटतं, दुसरं कारण असतं तरी मी हेच म्हटलं असतं. मग मला कसं कळणार?

सालिमनीही तेच म्हटलं. त्यांना माझ्या घरातलं काही पडलेलं नाही. यानं थोडा धीर येतो. फार नाही.

हे असते तर भांडले असते माझ्याशी. "तुला काय कळतं गं फुटबॉलातलं?" आणि रात्री झोपताना हळूच विचारलं असतं, "खरंच डाव्या बाजूला जात न्हाई?"

शुक्र., २३ जाने.

मैदानावर एकटीच गेले. सावंतांनी विचारलं, चेडू खय? सगळं सांगितलं. ते वाक्यही सांगितलं, बाबांनी पाहिलं नाही ते.

सावंतांनी हातातला चहा संपवला. मग म्हणाले, "वयनी, आमका ठावक होता. एका हाताने, उलटा, हवेत. असा कोण अडवता? तो सांगी तेवा आमी हसूचा नाय, इतक्याच."

"मग सगळ्यांनी तिला का चढवलं?"

"चढवूक नाय. तो गेल्यार ती मॅच सांगणारा कोण रवला? जोसेफ सांगता, मी सांगतंय." चहाचा कप झटकला. "चुकला आमचा."

जोसेफभाई मध्येच, "भाभी, मैंने भाई को बोल दिया है, नाम मत काटना। लड़की खुद बोले तब काटना।"

"आणि तिथं जाऊन ती पडली तर?"

"तो गिरेगी। गोलकीपर का काम ही गिरना है।"

सावंत खेकसले, "गप रे, डायलॉग मारता." मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी त्या खुर्चीत बसून हसले.

मंगळ., २७ जाने.

गौरी संध्याकाळी स्वयंपाकघरात आली. मी भाजी निवडत होते. समोर बसून तीही निवडायला लागली.

मग म्हणाली, "आई, डाव्या साइडचं मला माहितीये. आधीपासून. हॉलमध्ये डावीकडे पाय पुरतो, म्हणून कधी डाइव्ह करायला लागलंच नाही. कोचला पण माहितीये."

"मग मला का विचारलंस?"

"कुणीतरी बोलावं म्हणून. सगळे फक्त... लव्हली लव्हली करतात."

मी कोथिंबिरीची जुडी तिच्याकडे सरकवली.

"आणि बाबांचं. त्यांना कळत होतं का, की ते वाढवून सांगतात?"

"मी सांगायचे ते त्यांनी ऐकलेलं असायचं. मी कधी वाढवलं नाही."

"म्हणजे माहीत होतं."

"हो."

ती थोडी हसली. "मग ठीक आहे." का ठीक आहे ते मला कळलं नाही. विचारलं नाही.

पुढं म्हणाली, "मी जाणारे. ट्रायलला. मला एकदा मोठ्या गोलात, ग्रासवर, ज्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नाही अशा लोकांसमोर उभं राहायचंय. नाही घेतलं तर परत येऊन एक्झाम देईन."

"आणि घेतलं तर?"

"घेतलं तर..." देठ मोडत राहिली. कोथिंबिरीचे सगळे देठ मोडून टाकले.

मीही पुढं विचारलं नाही. तिला काय बोलायचं होतं ते कळलं की नाही, तेही सांगता येत नाही. रात्री तिने जोसेफभाईंना फोन केला, नाव ठेवा म्हणून.

बुध., २८ जाने.

आज शाळेतून येताना सूकमधल्या (बाजारातल्या) शिंप्याच्या दुकानातून जाड स्पंजचं कापड आणलं. जेवण झाल्यावर मशीन काढली. ट्रॅक पँटच्या उजव्या मांडीवर, फाटलं होतं तिथं, दुहेरी शिवलं. मग पँट उलटली आणि डाव्या बाजूलाही तेवढंच जाड शिवलं.