फेट्याची झोळी

लंडन,
९ नोव्हेंबर १९६७

हिराच्या बाबांना उषाचा सप्रेम नमस्कार.

हिराच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्याची तार मिळाली असेलच. तारेत कितीसं मावणार, म्हणून आज सवडीनं लिहायला बसले आहे. हिरा बरी आहे. काल तिनं माझं बोट ओढून दूध मागितलं. तिचे ओठ आता गुलाबी दिसतात. आपल्या मुलीच्या ओठांचा खरा रंग मी दीड वर्षांनी पाहिला. डॉक्टर म्हणतात, अजून तीन आठवडे इथे राहावं लागेल, मग घरी जायला हरकत नाही.

तुमचा पाय कसा आहे? प्लास्टर कधी काढणार ते पालघरच्या डॉक्टरांना नीट विचारून घ्या. साईटवरची मंडळी भेटायला आली की त्यांच्या नादानं कुबड्या घेऊन तारापूरपर्यंत जाऊ नका. परांचीवरून पाय घसरून पडलात, तेवढं पुरे झालं. सोमी कामाला पामहून वेळेवर येते ना? माकुणसारहून माझी आई येऊन गेली का? तिला म्हणावं, लोकरीच्या टोप्यांचा इथे फार उपयोग होतो आहे. थंडी अशी आहे की दुपारीही खिडकीला बाहेरून धुकं चिकटलेलं असतं. मामंजींना जेवणाचे हाल होतात, पण तक्रार नाही. उकडलेले बटाटे मीठ-मिरची लावून खातात आणि "चांगलं हाय" म्हणतात. मिरची आम्ही घरून आणलेली.

तुमच्या पत्रात तुम्ही विचारलंत, विमानात हिरा झोपली का. झोपली. एवढंच लिहून पुढे जाणार होते, पण आता सगळं लिहिते.

निघताना सोमी माझ्यामागे लागली होती, "ताई, पोरीला झोलीबिगर झोप यायची नाय. तवा काय कराल?" मी तिला म्हटलं, विमानात सगळी सोय असते. सोय होतीही. विमान वर गेल्यावर हवाईसुंदरीनं पुढच्या भिंतीला एक छोटा पाळणा अडकवून दिला, आत मऊ पांघरूण घातलं. हिरानं तो पाळणा पाहिला आणि अंग ताठ केलं. त्यात तिचे कान दुखायला लागले असावेत. ती रडू लागली.

तिला रडू द्यायचं नाही, हे मुंबईच्या डॉक्टरांनी आपल्याला किती वेळा सांगितलं होतं. मी मांडीवर घेतलं, थोपटलं, पाणी पाजलं, खिडकीतून दिवे दाखवले. ती जास्तच रडली. मग तिचे ओठ जांभळे झाले, पाठोपाठ नखं. मी डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिचे गुडघे पोटाशी दुमडून धरायला गेले, पण ती हातातून निसटत होती. हवाईसुंदरी प्राणवायूची नळकांडी घेऊन धावली. हिरानं नाकावर धरलेल्या मुखवट्याला हात मारला. आणि मग ती एकदम रडायची थांबली. दमून थांबली. मान माझ्या हातावर कलंडली. तुम्हाला खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं की मी हिला घेऊन परत येणार नाही.

शेजारी मामंजी होते. तुमचा पाय मोडला म्हणून ते माझ्यासोबत यायला आले, तेव्हा घरी पंधरवडाभर तुम्ही दोघं कसे होतात, ते मी विसरलेले नाही. तुम्ही खाटेवर, ते ओट्यावर, आणि मधे मी. "त्याला विचार, औषध घेतलं का?" "त्यांना सांग, घेतलं." हिरा तर त्यांच्या मिशांना पाहून माझ्या पदरात तोंड लपवायची. म्हणून विमानातही ते तिच्याकडे हात करत नव्हते.

ते उठले. डोक्याचा फेटा सोडला. माझ्यासमोर, त्या सगळ्या साहेब-मडमांसमोर. मामंजींचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच पाहत होते, माझी नजर आपोआप खाली गेली. त्यांनी फेटा खांद्यावरून काखेखाली घेतला, कमरेला दोन वेढे दिले आणि म्हणाले, "आण लेकराला."

मी दिलं. त्यांनी तिचे गुडघे दुमडून तिला त्या झोळीत बसवलं, अगदी छातीला लावून, आणि वरून पदर ओढावा तसं फेट्याचं टोक ओढलं. हवाईसुंदरीनं मुखवटा तिच्या नाकाजवळ धरला. मग ते पडद्यापाशी जागा होती तिथे उभे राहिले. चार पावलं पुढे, चार पावलं मागे. पुढे जाताना सावकाश, मागे येताना त्याहून सावकाश. आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणू लागले. मला वाटलं अंगाई असेल. कान देऊन ऐकलं तर बैलांना हाकत होते! "चल रं मोरक्या, सर रं माघारी, भरली मोट, येऊ दे वर..."

हिराची नखं हळूहळू निवळली. मग तिचा एक हात झोळीबाहेर आला आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण धरून राहिला. ती झोपली होती.

मामंजी बसले नाहीत. मी दोनदा म्हटलं, आता माझ्याकडे द्या. "बसलो की जागी व्हईल," म्हणाले. बेरूतला विमान उतरताना पट्टा बांधून बसावंच लागलं, तेव्हाही ते गुडघे हलवत होते. पुन्हा वर गेल्यावर पुन्हा उभे. हवाईसुंदरीनं त्यांच्यासाठी चहा आणला आणि त्यांचा पिऊन होईपर्यंत बशी हातात धरून उभी राहिली. एका गोऱ्या म्हाताऱ्यानं त्यांना वाट द्यायला आपले पाय आखडून घेतले आणि रात्रभर तसेच ठेवले. पासष्टीचा माणूस, बोटभर इंग्रजी येत नाही, आणि त्या विमानात सगळे त्यांचं ऐकत होते.

उजाडायच्या सुमारास मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. विचारलं, "मामंजी, हे तुम्हाला कुठून आलं?"

त्यांनी झोळीचं टोक सारखं केलं. मग म्हणाले, "पुंजाराम असाच निजायचा."

तुमचं नाव ऐकून मी आणखी जवळ सरकले.

"त्याची माय गेली तवा ते लेकरू एवढंच होतं. माझी बहीण घरी यायला पुढची दिवाळी उजाडली. तवर मोट कुणी हाकायची अन् लेकरू कुणी बघायचं? मग बांधलं पोटाशी. बैल पुढं गेले की गप, माघारी आले की गप. मोट थांबली की बोंबलायचं. पाणी भरून झालं तरी मी रिकामी मोट हाकीत ऱ्हायचो."

"त्यांना ठाऊक आहे हे?"

"लेकराच्या ध्यानात कुठं ऱ्हातं?" आणि मग, हिराकडे बघत, "तू लिहू नको. त्याला वाटंल, बाप उपकार सांगतोय."

तुम्ही मला लग्नाआधीपासून सांगत आला आहात, की तुम्हाला आत्यानं वाढवलं, बाबांनी नुसते हुकूम सोडले, बाबांनी कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. तुम्ही खोटं बोलत नव्हता. तुम्हाला आठवण्यासारखं वयच नव्हतं. त्यांना आठवत होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. आपल्या लग्नाला ते आले नाहीत, याचा मलाही राग होता. ऑपरेशनच्या दिवशी ते दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसले होते. डॉक्टर हसत बाहेर आले तेव्हा त्यांना इंग्रजी समजायची गरज पडली नाही. त्यांनी उठून डॉक्टरांना हात जोडले आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझा राग तिथेच संपला.

आता हिरा त्यांच्याच मांडीवर आहे. नर्सनं त्यांच्यासाठी पाठीची खुर्ची आणून दिली आहे. हिराला मिशा ओढायला फार आवडतात.

त्यांनी लिहू नको म्हटलं होतं, तरी मी लिहिलं. ते रागावले तर मी बघून घेईन. पण तुमच्या दोघांच्या मधे उभी राहून निरोप सांगायचं काम आता माझ्याच्यानं होणार नाही. यानंतरचं पत्र मला पाठवू नका, त्यांच्या नावानं पाठवा. ते अक्षर लावून लावून वाचतात, तेव्हा मोठ्या अक्षरात लिहा. पाय कसा आहे एवढंच लिहिलंत तरी चालेल. मायन्यात मात्र नुसतं 'ती.' करून मोकळे होऊ नका. 'तीर्थरूप' असं पूर्ण लिहा.

त्यांची सून आणि तुमची,
उषा