दुसरीची काय चूक

धाकटे,
तुला ताईचे अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, काळजी नको. आईचे गुडघे कसे आहेत?

आमच्या नाट्यगृहात सध्या एका जुन्या विनोदी नाटकाचे पोशाख शिवतेय. त्यात झोपलेल्याच्या डोळ्यांत जादूचा रस पिळतात. जाग आल्यावर समोर जो दिसेल, त्याच्यावर त्याचं प्रेम बसतं. काल तालमीत एकीवर जीव टाकणारे दोघंही अचानक तिच्या मैत्रिणीच्या मागे लागले. मग त्या दोघी बालमैत्रिणी अशा भांडल्या की सगळे पोट धरून हसले. मला मात्र सुईत दोरा ओवता येईना.

मी दिग्दर्शकांना विचारलं, "यात त्या दुसरीची काय चूक?"

ते म्हणाले, "काहीच नाही. तिला तर आपली थट्टा चाललीय असंच वाटतं."

तेव्हा तुझा अबोला कळला. मला बघायला आलेल्या मुलाने तुला मागणी घातली, त्यात तू काय केलंस? राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण इथे येईपर्यंत तो विरला.

आई लिहिते, तू धड जेवत नाहीस आणि त्याला नकार कळवणार आहेस. माझ्यासाठी कळवू नकोस गं. तो तुला आवडत नसेल, तरच कळव.

तुझ्या दोन ओळींसाठी जीव टांगणीला लागलेली,
ताई