ओल्या पाठी

मंगळवार. घरी आल्याबरोबर लिहितेय.

कालही पोरींच्या पाठी ओल्या होत्या. बास्केटबॉलचा सराव संध्याकाळी सहाला सुरू होतो, मी सहाच्या ठोक्याला पोचते, आणि जर्सी आधीच अंगाला चिकटलेल्या. कोच सलीमभाईंना विचारलं तर म्हणाले, "गर्मी लई आहे ना मॅडम." गर्मी काय फक्त त्यांनाच? मी अर्धा तास शूटिंग करूनही कोरडी असते.

संघाची मॅनेजर मी आहे. मग माझ्यामागं काय चाललंय? सलीमभाईंना या पोरी दुसऱ्या क्लबात न्यायच्यात का? आज पाचलाच जाऊन गेटबाहेरच्या रसवंतीपाशी उभी राहिले. आत सराव जोरात चाललेला. म्हणजे संशय खरा.

सहाला आत गेले तसा सराव थांबला. कॅप्टन पूजाला बाजूला घेतलं. करमाडहून बसनं येते ती, खोटं बोलायची नाही. म्हटलं, "मला सोडून सराव का?"

खाली बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही आलात की आम्हाला बॉल भेटत नाय. तुम्ही शूट करता, आम्ही पळून आणून देतो."

हे तिला कुणी पढवलं? सलीमभाईंनीच, दुसरं कोण. राज्याकडून खेळलेय मी. चार शॉट दाखवले तर बिघडलं कुठं?

तसं सुनावणारच होते. पण ती माझ्या तोंडाकडं नाही, काखेकडं बघत होती. बॉल तिथं होता. आत शिरताना कधी उचलला, आठवत नाही.