डब्याचं पथ्य

सिस्टर, गेल्या आठवड्यात वॉर्डात एक बाळ गेलं आणि ते कुणाला सांगावं हे मला सुचेना. घरी सांगितलं तर म्हणतात, तुझ्या नोकरीत हे रोजचंच. असेल रोजचं. पण ह्या बाळाचं दुसऱ्या कुणाला समजणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बाळंतिणींच्या वॉर्डात मी अजून तुमच्याच तालमीतली समजली जाते.

मी नवीन होते तेव्हा बेबी फूडच्या कंपनीच्या माणसाने आपल्याला कंपनीचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. मी खुशीत खिळा ठोकून लावलंही. तुम्ही आलात, स्टूल ओढलंत, घड्याळ उतरवून माझ्या हातात दिलंत. म्हणालात, "पाटलीणबाई, बाळंतिणीला दिवसभर दुसरं काय काम? ती ह्याच नावाकडे बघत पडणार." सगळ्यांदेखत. मला भयंकर राग आला. तापीकाठच्या खात्यापित्या घरातली मी, आणि चिंचपाड्याकडची ही डोंगरातली बाई मला झापते म्हणजे काय, असंही मनात आलं होतं. संध्याकाळी तुम्हीच मला तुमच्या स्वयंपाकघरात बसवून नागलीची भाकर आणि उडदाची डाळ वाढलीत, आणि घड्याळाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत.

आता घड्याळं घेऊन कुणी येत नाही. अशा जाहिरातीला कायद्याने बंदी आहे ना. आता चांगल्या हॉटेलात डॉक्टरांना बालपोषणाचं प्रशिक्षण असतं. व्याख्यान द्यायला डॉक्टरच, जेवण उत्तम, कंपनीचं नाव कोपऱ्यात बारीक. तिथून परत आलं की एखादी आई 'दूध पुरत नाही' म्हणायचा अवकाश, हात आपोआप चिठ्ठीवर डब्याचं दूध लिहायला जातो. पहिले एकदोन दिवस दूध थेंब थेंबच असतं, हे ज्याला तोंडपाठ आहे त्याचाही जातो. डब्यावर मात्र ठळक छापलेलं असतं की आईचं दूधच सर्वात चांगलं. तेवढं छापलं की कंपनीने हात झटकले.

ही मुलगी सातपुड्यातल्या एका पाड्यावरची, पहिलटकरीण. सीझर खाजगी दवाखान्यात झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी 'दूध कमी आहे' म्हणून गोळ्यांच्या नावांखाली डब्याचं नाव लिहिलं. झालं. चिठ्ठीवर आलं म्हणजे ती दवा. घरच्यांनी ती दवेसारखीच दिली, सकाळ-दुपार-संध्याकाळ, पेलाभर पाण्यात एक चमचा भुकटी. बाळ आमच्याकडे आणलं तेव्हा त्याचा चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा झाला होता आणि जुलाब थांबत नव्हते. मी त्या मुलीला विचारलं, अंगावर का नाही पाजलंस गं? ती सासूकडे बघायला लागली. घरात त्या पावरी बोलतात. सासूने बाजारातल्या अहिराणीत मलाच समजावलं, "दवा चालू शे ना बाई. मंग आंगवरनं दूध बंद करी दिधं. पथ्य नको का?"

भगताच्या औषधाला पथ्य असतं, तर डॉक्टरच्या औषधालाही असणार. आणि आईचं दूध कमी म्हणजे त्यात काहीतरी वाईट, तेव्हा वर्ज्य करायचं ते तेच. मला संताप आला, पण तो कुणावर काढणार? त्या बाईने बिचारीने सगळं मन लावून पाळलं होतं.

डॉक्टरांनी त्यांचे उपचार सुरू केले. मी तुम्ही शिकवलेलं केलं. बारीक नळीचं एक टोक दुधाच्या वाटीत, दुसरं आईच्या स्तनाशी चिकटवलेलं, आणि बाळ छातीला. बाळाने ओढलं की वाटीतलं दूध पोटात जातं, आणि त्या ओढण्याने आईलाही हळूहळू दूध येतं. सासू नको नको म्हणत होती. मी तिला दटावून बाहेर बसवलं. आणि पान्हा फुटला, सिस्टर. पोलक्यावर ओल पसरलेली बघून ती मुलगी चक्क हसली. मलाही वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं. आणलं तेव्हाच फार उशीर झाला होता.

फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन निघताना सासू माझ्यासमोर थांबली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "तू पथ्य मोडी टाकं, बाई."

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. सांगणार होते की दूध होतं, पहिल्यापासून होतं, तुमचं बाळ उपाशी राहून गेलं. पण ती मुलगी शेजारीच उभी होती, पोलकं अजून ओलं, आणि ते ऐकून तिला घरी जायचं होतं. मी गप्प बसले. म्हटलं, राहू दे माझ्या माथ्यावर. आता रोज वाटतं, पुढच्या खेपेला ती बाळाला अंगावर घेणारच नाही, आणि तेव्हा मात्र दोष खरोखर माझा असेल. तिच्या पाड्यावर जीप जाते, जाऊन सांगता येईल. तुम्ही असतात तर काय करू म्हणून विचारलं असतं, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे. मी विचारलं नसतं, कारण तुम्ही जा म्हणाला असतात.