मंगळवारचं वजन

एल्क प्रेअरी, मिनेसोटा
१७ फेब्रुवारी १९९८

प्रिय नोरीन,

पाकिटावरचं अक्षर ऑरिनचं आहे. माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडताच परत पाठवतेस, म्हणून नवऱ्याला कामाला लावलं. रागव हवं तर, पण शेवटपर्यंत वाच. मला तुझं उत्तर हवंय.

इकडे सगळं ठीक. अंगणातला बर्फ खिडकीला टेकलाय. ऑरिन गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून दिवसभर मासे धरायला बसतो आणि रिकाम्या हातांनी परत येऊन थंडीला शिव्या देतो. चर्चच्या बायका अजून आळीपाळीने हॉटडिशची भांडी आणून देतात. वरून बटाट्याचा थर, आत खिमा आणि डबाबंद सूप, आपली आई करायची तसंच. मी ती सगळी ऑरिनला घालते.

भांडी का येतात ते तुझ्या कानावर गेलंच असेल. गेल्या एप्रिलमध्ये माझा डावा स्तन काढला. मग ऑक्टोबरपर्यंत केमो झाली. आता बरी आहे म्हणतात.

तुला एक सांगते, हसू नकोस. डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं तेव्हा माझ्या मनात दुसराच विचार आला, की चला, निदान वजन तरी उतरेल. कॅन्सरची माणसं वाळतात एवढंच मला माहीत होतं. नोरीन, माझं सव्वीस पौंड वाढलं. पाळी एका महिन्यात बंद झाली. रक्तात साखर निघाली. ती तर आपल्या घरात कुणालाच नव्हती. आरशात बघते तेव्हा वाटतं, ही बाई आमच्या घरात कधी आली?

आणि खात काय होते? सगळं वहीत लिहिलंय. अर्धा टोस्ट, पाणचट सूप, एक सफरचंद. बाहेर पाहुण्या बाया केक खायच्या आणि मी आत उभी राहून गाजर चावायचे. तरी दर मंगळवारी चर्चच्या तळघरात वजन उतरवणाऱ्या आमच्या क्लबच्या काट्यावर उभी राहिले की आकडा वर. वीस वर्षं मीच त्या काट्याशेजारी वही घेऊन बसलेय. डिसेंबरात माझ्या जागी बसलेल्या डोलोरेसने माझं वजन लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि अगदी मायेनं विचारलं, "मार्लिस, तू नक्की सगळं लिहितेस ना गं?"

हे वाक्य माझं होतं, वीस वर्षं मी इतर बायकांना विचारलेलं. शब्दही माझेच.

शहाऐंशीच्या त्या मंगळवारबद्दल आपण कधी बोललो नाही. तुझा धाकटा चार महिन्यांचा होता. तुझं वजन सलग पाचव्या आठवड्याला वाढलं होतं. ज्याचं वाढलं त्याने चिनी मातीची डुकरीण मांडीवर घेऊन बसायचं आणि बाकीच्यांनी गाणं म्हणायचं, अशी आमची रीत. आम्ही याला गंमत म्हणायचो. तू म्हणालीस, "मार्लिस, शपथ घेते, वहीत आहे तेवढंच खाल्लंय मी." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मग तुझी वही तरी खोटं बोलते, नाहीतर तू." बायका हसल्या. तू डुकरीण जमिनीवर ठेवलीस, बाळाला उचललंस आणि गेलीस. आईला पुरलं तेव्हासुद्धा तू माझ्या बाजूला उभी राहिली नाहीस.

मागच्या गुरुवारी हॉस्पिटलात आहाराचं बघणारी मुलगी भेटली, माय वांग. तिशीचीही नसेल. तिने माझी वही पहिल्या पानापासून वाचली. मी आधीच खुलासा करायला लागले, तर म्हणाली, "मला तुमचं सगळं खरं वाटतंय, मिसेस लुंड." मग तिने समजावलं. केमोने पाळी एकदम तोडली, उलट्यांवरच्या स्टेरॉइडने साखर वाढवली, महिनोन्‌महिने पडून राहून मांस गेलं आणि त्या जागी चरबी आली. मांस कमी झालं की शरीराला लागतंही कमी. उपाशी राहिले त्याने उरलंसुरलं मांसही झिजलं. म्हणाली, आता जेवायचं, चालायचं, वजनं उचलायची. मी तिथे बसून लहान पोरीसारखी रडले. एका परक्या मुलीने माझ्यावर दोन मिनिटांत विश्वास ठेवला, आणि मी सख्ख्या बहिणीवर ठेवला नव्हता. तुझ्या शरीरात तेव्हा काय चाललं होतं, कोण जाणे. मी विचारलंच नाही.

इथे थांबले असते तर पत्र बरं झालं असतं. पण खरं लिहायचं बाकी आहे.

कॅन्सर परत येऊ नये म्हणून मला पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायची आहे. तिच्यासोबतच्या कागदावर वजन वाढू शकतं असं छापलंय. डोलोरेस तसं बोलली त्या आठवड्यापासून मी ती घेतलेली नाही. ऑरिन रोज सकाळी पाण्याचा ग्लास आणून ठेवतो. मी गोळी गालात धरते आणि न्हाणीघरात जाऊन थुंकते. दोन महिने झाले. जानेवारीत काटा तीन पौंड उतरला तेव्हा मी आनंदाने गात होते. नोरीन, मी मरणापेक्षा त्या काट्याला जास्त भ्यायले. हे मला स्वतःला अजून झेपत नाही.

गुरुवारी निघताना त्या मुलीने विचारलं, "गोळी रोज घेताय ना?" मी तिच्या डोळ्यांत बघून हो म्हटलं. तिने ते लिहूनही घेतलं.

म्हणजे आपल्या दोघींत खोटं बोलणारी कोण, ते आता ठरलं.

ऑरिनला सांगायचा धीर होत नाही, तो कोसळेल. तू फोन कर. गोळी घेतली का विचार. मी हो म्हटलं तर मान्य करू नकोस, मला ऐकू येईल अशी पाण्याबरोबर गिळ म्हण, हवी तशी बोल. मी तुला जे केलं ते सगळं मला कर, फक्त फोन ठेवू नकोस.

तुझ्या शब्दावर बारा वर्षं उशिरा विश्वास ठेवणारी, आणि जिच्या शब्दावर तू अजिबात ठेवू नयेस अशी,

तुझी बहीण
मार्लिस