मूषकांतक पावडरचा स्टॉल

१ डिसेंबर १९५८, मद्रास
मुंबईहून शेठजींचं पत्र. इथल्या या महिन्याच्या प्रदर्शनात पन्नास दुकानदारांच्या ऑर्डरी आल्या नाहीत तर मद्रास ब्रँच बंद. पन्नास? दोनशे आणतो! उंदीर मारायला मूषकांतकसारखी पावडर हिंदुस्थानात नाही. शिवाय मुलीची, चंद्रिकाची, मॅट्रिक मार्चमध्ये. ब्रँच बंद होऊन चालणारच नाही.
संकल्प: स्टॉलचं प्लॅनिंग एकट्यानं. सल्ला कोणाचा म्हणून घ्यायचा नाही.

४ डिसेंबर
प्लॅन तयार. टेबलावर डब्यांचा मनोरा. पिंजऱ्यात जिवंत उंदीर, शेठजी येतील त्या दिवशी डेमॉन्स्ट्रेशन. दाराशी गणपती. शुभारंभ कसा करायचा हे पुण्याच्या माणसाला शिकवायला नको. कनका म्हणाली, गणपती नको. का, विचारलं तर उठून स्वयंपाकघरात गेली. बायकोचं माहेर तंजावरचं असलं की हे असं. मराठी बोलणार, पण अर्धं मनातच ठेवणार.

९ डिसेंबर
पुरसवाक्कमच्या कुंभाराकडे. गणपती झकास, तीन फुटी. पायाशी उंदीर. हे काही ध्यानात आलं नव्हतं. बिनउंदराचा मागितला. कुंभाराचे हात थांबले. मग स्वामी जाणार कशावर, असं त्यानं विचारलं. पुढे बरंच बोलला, पण आमचा क्लार्क राघोत्तम त्याचं मराठी करून सांगेना. उंदरासकट घेतला.

१९ डिसेंबर
युक्ती सुचली! मातीच्या उंदरापुढे पावडरचा मोठा डबा ठेवला. उंदीर झाकला, जाहिरातही झाली. राघोत्तम लांबून बघून म्हणाला, सार, उंदराला नैवेद्य दाखवल्यासारखं दिसतंय. लगेच ताप आला म्हणून घरी गेला. नाजूक प्रकृती.

२० डिसेंबर
उद्घाटन. तोबा गर्दी! लोक गणपतीकडे बघतात, डब्याकडे बघतात, मग माझ्याकडे. काही जण गणपतीपुढे कान धरून उठाबशा काढून जातात. मालाची जरब बसली म्हणायची. ऑर्डरी शून्य. पहिलाच दिवस आहे.

२२ डिसेंबर
फुलवाली हार देईनाशी झाली. शेजारच्या पापडवाल्या नारायणस्वामींनी स्टॉल दुसऱ्या टोकाला हलवून घेतला. बरंच झालं, आमच्या गिऱ्हाइकांना जागा. सकाळी कोणीतरी डबा भिंतीकडे फिरवून ठेवला होता. सरळ केला. कनका कालपासून जेवलेली नाही. हट्टी बाई! ऑर्डरी शून्य. उद्या शेठजी.

२३ डिसेंबर
पाचला डेमॉन्स्ट्रेशन. दोनतीनशे माणसं, शेठजी सगळ्यांत पुढे. मसालवड्यात पावडर घालून तो पिंजऱ्यात टाकला. उंदरानं खाल्ला. एक म्हातारी हमसून हमसून रडायला लागली. साडेपाचला उंदीर मेला, गणपतीच्या अगदी समोर. डेमॉन्स्ट्रेशन शंभर टक्के यशस्वी! टाळी मात्र एक नाही. लोक पाठ न फिरवता मागे मागे सरकत गेले. शेठजींनी चपला काढल्या, गणपतीला नमस्कार केला आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता गेले. भारावले असणार.

३० डिसेंबर
शेठजींचं पत्र. ब्रँच उद्यापासून बंद. म्हणजे मला मुंबईला बोलावताहेत, बढतीच. कनकाला तसं सांगितलं. चंद्रिकानं विचारलं, अप्पा, मुंबईच्या शाळेतून मला मार्चमध्ये परीक्षेला बसू देतील का? चौकशी करतो म्हटलं.
मग पत्र पुन्हा वाचलं. उरलेला माल परत पाठवा. टेबलं पाठवा. पिंजरासुद्धा पाठवा. माझ्याबद्दल काहीच नाही. कागद उलटून मागची बाजूही पाहिली.