दर फेरीला को. दोनदा

३ नोव्हेंबर, सकाळी ८

आजपासून रोजनिशी. फक्त कामाची नोंद. भावना वगैरे लिहिणार नाही. सध्या लिहिण्यासारख्या नाहीतही.

काम असं. बायको, भागीरथा, जूनमध्ये गेली तेव्हा तिच्या लोकरीच्या पिशवीत क्रोशाचे एकोणतीस चौकोन होते. रंगीत, सहा इंची. आमच्या सुरभीचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात तिने ब्लँकेट सुरू केलं होतं. बाळाला कधी ना कधी लागेलच, म्हणायची. एकूण अठ्ठेचाळीस करायचे होते. उरले एकोणीस. सुरभीला सातवा लागलाय, तारीख जानेवारीच्या वीसच्या आसपास. म्हणजे चार दिवसाला एक चौकोन. पोरखेळ.

पहिलं बाळंतपण माहेरी. हा आपल्याकडचा नियम आहे, आणि आता घाटंजीत मीच माहेर आहे. सुरभीला फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली, बघू बाबा. बघू म्हणजे हो.

५ नोव्हेंबर

कामाआधी शास्त्र. क्रुश् हा धातू : हाक मारणे, रडणे. त्यावरून आक्रोश. त्यावरूनच क्रोश, म्हणजे हाक ऐकू जाईल एवढं अंतर, आपला कोस. 'क्रोशा' याच घराण्यातला असणार. एम.ए.ला संस्कृत घेतल्याचा तीस वर्षांत पहिल्यांदा घरात उपयोग झाला. यावर चारशे शब्दांचं स्फुट लिहून आमच्या दैनिकाला पाठवलं. तालुका वार्ताहराने नेहमी कापसाच्या भावाचंच लिहावं असं कुठे आहे.

विणकाम उद्यापासून.

९ नोव्हेंबर

विणकाम आजपासून. मधले दिवस कापूस खरेदीच्या बातमीत गेले. बातमी अशी होती की खरेदी सुरू झाली नाही.

भागीरथाची वही सापडली. भाषा पाणिनीसारखी, सगळं सूत्रात. 'सा.' म्हणजे साखळी, 'खां.' म्हणजे खांब. 'मु. खां.' म्हणजे मुका खांब. हा टाका बुटका असतो, उंची नसते म्हणून मुका. तीन खांबांचा एक गुच्छ, गुच्छांची एक फेरी, चार फेऱ्यांचा चौकोन. सगळं लागलं. शेवटच्या ओळीखाली मात्र तिने लाल पेनने दोन रेघा मारल्या आहेत : 'दर फेरीला को. दोनदा. विसरू नये.'

को. कोण? विचार केला. पंधरा मिनिटांत उलगडलं. कोकिळाताई. सुरभीच्या सासूबाई, यवतमाळच्या.

केवढी दूरदृष्टी. विणता विणता विहीणबाईंना दोन फोन. नातं असंच गुच्छा-गुच्छाने वाढवायचं असतं. मला हे कधी सांगितलं नाही. असो.

१० नोव्हेंबर

पहिली फेरी पूर्ण. कोकिळाताईंना फोन. पहिली फेरी झाली म्हणून कळवलं. त्या म्हणाल्या, छान. थोड्या वेळाने दुसरा फोन. त्या म्हणाल्या, हो, मघाशी सांगितलंत.

संबंध सुधारत आहेत.

१३ नोव्हेंबर

पहिला चौकोन झाला. थोडा गोल आहे. कडा वर येतात. टेबलावर ठेवला तर वाटीसारखा बसतो. नवीन लोकर अशीच फुगीर असते. चपटा होण्यासाठी शब्दकोशाखाली ठेवला.

फेऱ्या चार, फोन आठ.

१७ नोव्हेंबर

स्फुट छापून आलं. आज एका वाचकाचं पत्र : 'क्रोशा' फ्रेंच आहे, अर्थ आकडी. फ्रेंचांनी तो कुठून घेतला, याबद्दल पत्रात मौन.

शब्दकोशाखालचा चौकोन काढला. पुन्हा वाटी झाला.

२२ नोव्हेंबर

चौकोन तीन. तिन्ही वाट्या. कोकिळाताई हल्ली फोन उचलायला वेळ लावतात. कामात असतात. आज त्यांनी विचारलं, विठ्ठलराव, तुम्ही जेवता ना नीट? म्हटलं, तिसऱ्या चौकोनाची चौथी फेरी झाली. त्या म्हणाल्या, बरं.

उजव्या हाताची तीन बोटं बधिर वाटतात. थंडी. बधिर म्हणजे मूळ संस्कृतात बहिरा. मराठीत येता येता तो कानातून बोटांत उतरला. यावर स्फुट होऊ शकतं. पाठवणार नाही.

२५ नोव्हेंबर

दिवसभर तालुक्यातल्या निधनवार्ता. साचा ठरलेला आहे : नाव, वय, अल्पशा आजाराने, त्यांच्या पश्चात, असा आप्तपरिवार आहे. जूनमध्ये भागीरथाची मीच पाठवली होती, त्याच साच्यात. पश्चात पती आणि एक मुलगी. एवढ्याला आप्तपरिवार म्हणतात की नाही, अशी डेस्कवरून विचारणा झाली होती. मी 'आप्त' काढा म्हटलं. तेवढी एक ओळ वाचली.

आज विणकाम नाही. म्हणून फोनही नाही.

४ डिसेंबर, दुपारी

वाट्या अकरा. एक प्रकारे वेग वाढलाय.

दुपारी जमनी आली. मागच्या गल्लीतली. बंजारा तांड्यावरची, पण मुलगा सुनील नोकरीला लागल्यापासून कुटुंब गावातच. ती आणि भागीरथा चार वर्षं आमच्या ओट्यावर विणत बसायच्या. जमनीचं खरं काम काच-टिकलीचं, पण क्रोशा तिने भागीरथाकडून उचलला आणि भागीरथाच्या पुढे गेली. हे भागीरथाच सांगायची. हल्ली जमनी कापूस वेचायला जाते. आज मजुरीला सुट्टी होती. अकरा वाट्या ओळीने मांडलेल्या बघून तिने विचारलं, हे काय आहे, पळसाचे द्रोण? मी वही दाखवली. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. दर फेरीला को. दोनदा. आणि अर्थही सांगितला.

जमनी म्हणाली, "भाऊजी, को. म्हणजे कोपरा. कोपऱ्यात दोनदा गुच्छ घ्या लागते. नाही घेतला तं चौकोन कायचा होते, टोपी होते."

म्हटलं, तशी शक्यता मी गृहीत धरली होती.

तिने विचारलं, मग यवतमाळच्या बाईले फोन काहून करून राह्यले? आतापर्यंत किती केले? म्हटलं, अठ्ठ्याऐंशी. ती पदर तोंडाला लावून उठून गेली. ओट्याच्या पायरीवर थांबलेली दिसली. हसत होती की काय, पाठमोरी असल्यामुळे कळलं नाही.

५ डिसेंबर

फोन बंद केले. स्पष्टीकरण द्यावं असं वाटलं. पण व्याकरणाची चूक विहीणबाईंना समजावून सांगणं कठीण.

६ डिसेंबर

कोकिळाताईंचाच फोन. दोन दिवस फोन नाही, तब्येत बरी आहे ना? म्हटलं, उत्तम. चौकोन? म्हटलं, पुनर्रचना सुरू आहे.

१२ डिसेंबर

वाट्या उसवल्या. उसवलेली लोकर सरळ होत नाही. जिथे टाका होता तिथे वळण राहतं. धुऊन वाळत घातली. वाळल्यावरही तशीच. जमनी म्हणाली, लोकरीले माहीत हाये ते काय होती. मी म्हटलं, शास्त्रीय कारण वेगळं आहे. कारण मला माहीत नाही.

१६ डिसेंबर

पहिला खरा चौकोन. चारही कोपरे. बऱ्याच दिवसांनी घरातली एखादी गोष्ट जशी असायला हवी तशी दिसली.

भागीरथाच्या चौकोनावर ठेवून पाहिला. तिचा सहा इंच. माझा सव्वाचार.

तिचे सहा महिन्यांत पिशवीत सैल झाले असावेत.

२१ डिसेंबर

चौकोन चार, सगळे सव्वाचार. सुई तीच, लोकर तीच, फेऱ्या तेवढ्याच. जमनीने माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाली, "हात काहून एवढा आवळून राह्यले? लोकर हाये ते, बैलाचा कासरा नाही. सोडा जराक. कोनी पळून नाही जात."

सोडून पाहिलं. सुई खाली पडली.

बोटं अजून बधिर. डॉक्टर म्हणतात सुई घट्ट धरून शीर दबली आहे, विश्रांती घ्या. डॉक्टरांना तारीख माहीत नाही.

संकल्प : रोज एक. सुरभी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात राहायला येणार. तिची खोली झाडली. गादीला ऊन दाखवलं. डिंक, अळीव, खोबरं आणलं. लाडू कसे करतात ते वहीत नाही. वहीत फक्त क्रोशा आहे.

२८ डिसेंबर

सुरभी ठरल्याच्या आधीच आली. जावई आयुषराव गाडी घेऊन आले होते. चहा घेऊन ते मंडीकडे कुणाला भेटायला गेले. दोघं घरात उरलो. मी चौकोन दाखवले, आधी भागीरथाचे, मग माझे. तिने आईचे बराच वेळ मांडीवर घेतले.

मग म्हणाली, बाळंतपण यवतमाळलाच करायचं ठरलंय. दवाखाना जवळ, सासूबाई घरी.

मी नियम सांगितला. पहिलं बाळंतपण माहेरी. खोली झाडलेली आहे. डिंक आहे.

ती म्हणाली, सासूबाईंनी यायला नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की तिथे बाळंतिणीला कोण सांभाळेल, तिथे तर बाबांनाच कोणीतरी सांभाळायला पाहिजे. माणूस दिवसातून दोनदा फोन करतो आणि फेऱ्या सांगतो.

म्हटलं, त्याचं कारण वेगळं होतं. व्याकरण होतं.

ती म्हणाली, "बाबा, जूनपासून तुम्ही आईचं नाव एकदाही घेतलं नाही. मला इथे यायचं होतं हो. पण आले असते तर तुम्ही मलाही चौकोनच मोजून दाखवले असते."

चहा गार झाला होता. तसं मी तिला सांगितलं.

जाताना तिने डिंक आणि अळीव नेले. खोबरं राहिलं.

२९ डिसेंबर

जमनीला सांगितलं. तिच्यात आईला याडी म्हणतात. ती म्हणाली, पोरीले याडी पायजे होती भाऊजी, चादर नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, चादर तं होईलच.

बातम्या पाठवल्या : तीन. त्यातली एक कालची होती.

११ जानेवारी

अठ्ठेचाळीस होत नाहीत. माझे सव्वाचार इंची सात, तिचे सहा इंची एकोणतीस. मी सुचवलं की लहान चौकोन ओढून जोडावेत. जमनीने एक ओढून जोडला. शेजारचा भागीरथाचा चौकोन चुरगळला. मी तो लगेच उसवायला लावला. जमनीला नवल वाटलं. म्हणाली, भाऊजी, आवाज चढला तुमचा.

निर्णय : सात ओळी, दर ओळीत चार, अठ्ठावीस, सगळे भागीरथाचे. बाळाला पुरतं. जमनी तीन दुपारी बसली आणि पांढऱ्या लोकरीने मुक्या खांबात जोडून दिलं. तिचा एक उरला. माझे सात.

मी या प्रकल्पात देखरेखीचं काम केलं.

१९ जानेवारी, सकाळी १०:४०

मुलगी झाली. दोघी बऱ्या. कोकिळाताईंनी फोन केला आणि तो बाळाच्या तोंडाजवळ धरला. रडणं नीट ऐकू आलं. यवतमाळ इथून चौदा कोस. हाक ऐकू जाईल एवढं अंतर म्हणजे कोस, ही व्याख्या आता जुनी झाली म्हणायची.

वेळ लिहून घेतली.

२० जानेवारी

सकाळच्या एसटीने यवतमाळ. ब्लँकेट मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, मंडळींनी केलं का? म्हटलं, हो.

दवाखान्यात बाळ एका मऊ, मशीनच्या, सशाचं चित्र असलेल्या ब्लँकेटमध्ये होतं. नर्स म्हणाली, आजोबा, हे छान आहे, पण याच्या भोकांत बाळाची बोटं अडकतात, सध्या नको. मग कोकिळाताईंनी ते सुरभीच्या पायांवर पांघरलं. सुरभी झोपली होती. तिचं एक बोट झोपेतच एका भोकात गेलं आणि तिथेच राहिलं.

मी स्टुलावर बसून होतो. कोकिळाताईंनी फेऱ्या विचारल्या नाहीत. मीच म्हटलं, हे सगळे भागीरथाचे आहेत. माझा एकही नाही.

त्या म्हणाल्या, माहीत आहे. तुमचे घट्ट असतात म्हणे.

शेवटची एसटी गाठायची म्हणून निघालो. शेवटच्या एसटीला अजून तीन तास होते.

२ फेब्रुवारी, सकाळ

सुरभी सव्वा महिन्याने येणार. पाच दिवस. बघू म्हणाली नाही, येते म्हणाली. तारीख लिहून घेतली.

काल काम नव्हतं म्हणून एक चौकोन केला. कशासाठी, असं काही नव्हतं. विणताना भागीरथा आणि मी महागावच्या बाजारातून लोकर आणली होती तो दिवस आठवत होता. तिने हिरवा मागितला आणि मी स्वस्त म्हणून जांभळा घेतला. ब्लँकेटमध्ये जांभळा फार आहे. चौकोन झाल्यावर मोजला. सहा इंच. पुन्हा मोजला. सहा.

आता ब्लँकेटमध्ये जागा नाही.

तिचा उरलेला एक आणि माझा हा एक, कडेला कड लावली. बरोबर बसले. जमनी वेचणीला निघाली होती, तिला ओट्यावरूनच विचारलं, दोन चौकोनांचं काय होतं? म्हणाली, दोनाचं काही नाही होत भाऊजी. एकावर एक शिवा, चहाचं गंज उतरवायले होईल. गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं.

शिवले.

कोकिळाताईंचा फोन. बाळ झोपलं, सुरभी जेवली. बरं म्हटलं. दहा मिनिटांत पुन्हा फोन. बाळ उठलं. म्हटलं, हो, मघाशी झोपलं होतं.

चहा ठेवला. गंज त्या शिवलेल्याने उतरवलं. चौकोनाला भोकं असतात, हे नर्सने सांगितलं होतं. चटका बसला.

तिन्ही बधिर बोटांना.